पेनड्राइव्हवर कॉपी फार हळू होते तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या खणात कॅसेटींचे एखादे खोके हमखास सापडते. पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली 1918 मध्ये येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि घरगुती बैठकी तर त्याच्याही आधीपासून होत आल्या होत्या. त्यामुळे टेपरेकॉर्डर घरोघरी आल्यावर लोकांनी गाणे साठवून ठेवले नसते तरच नवल. आमच्या काकांनी अशा 38 कॅसेटी मागे ठेवल्या. त्या सगळ्या संगणकावर उतरवून झाल्यावर पुण्याच्या आत्येभावाला पाठवण्यासाठी मी त्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला बसलो. पहिल्या अर्ध्या मिनिटात 110 एमबी प्रति सेकंद दिसणारा वेग बघता बघता 8 वर आला आणि तेथेच थांबला. झेलम एक्स्प्रेसने पुण्याला निघालेले शेजारी बॅग घेऊन दारात उभे होते आणि पडद्यावर अजून 2 तास 40 मिनिटे बाकी असल्याचे दिसत होते. पेनड्राइव्ह त्या दिवशी गेला नाही. पुढच्या आठवड्यात मी कारणे एकेक करून तपासली आणि ज्या क्रमाने तपासायला हवी होती, त्या क्रमाने ती येथे मांडतो.

सर्वांत आधी हिशेब करावा, कारण पुष्कळदा कॉपी हळू होत नसते, फायलीच फार मोठ्या असतात. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्‌झ या दर्जाने स्टिरिओ ध्वनिमुद्रण केले, तर दर सेकंदाला 5,76,000 बाइट जमा होतात, म्हणजे तासाभराच्या कॅसेटचे सुमारे 2.07 जीबी आणि 38 कॅसेटींचे जवळजवळ 79 जीबी. हा साठा 80 एमबी प्रति सेकंद वेगाने साडेसोळा मिनिटांत जातो, 35 एमबीने साडेसदतीस मिनिटे घेतो आणि 8 एमबीने पावणेतीन तास खातो. हिशेब करताना एककांत गफलत होऊ देऊ नये. यूएसबीच्या पिढ्यांचे वेग मेगाबिटमध्ये सांगतात, संगणक मात्र मेगाबाइटमध्ये दाखवतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. यूएसबी 2.0 चा 480 मेगाबिटचा आकडा कागदावर 60 एमबी प्रति सेकंद होतो आणि प्रत्यक्षात त्यातून 30 ते 40 एमबीच मिळतात. त्यामुळे यूएसबी 2.0 वर 35 एमबीचा वेग मिळत असेल, तर तेथे दुरुस्त करण्यासारखे काहीही नाही. तो वेग योग्यच आहे.

वेग मोजायचा तोही नीट मोजावा. कॉपीच्या खिडकीत सुरुवातीला दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण संगणक फाइलचा काही भाग आधी आपल्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, घेतो आणि पेनड्राइव्हवर लिहिण्याचे काम मागाहून करतो. 2 ते 3 जीबीची एकच मोठी फाइल घ्यावी, हातातल्या घड्याळावर वेळ लावावी आणि कॉपी संपल्यावर पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊन, ‘आता काढता येईल’ असा संदेश येईपर्यंतची वेळ धरावी. फाइलचा आकार भागिले ती वेळ हाच खरा वेग. तो कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक बदलानंतर याच फाइलने पुन्हा मोजायचे आहे. एका वेळी एकच बदल करावा. मी पहिल्या दिवशी घाईने पोर्ट बदलला, अँटीव्हायरस बंद केला आणि पेनड्राइव्ह फॉरमॅटही केला. वेग थोडा वाढला, पण कशामुळे वाढला हे कळायला काहीच मार्ग उरला नाही.

आता पोर्ट पाहावा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट हे आतून एका वायरीने मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डला, जोडलेले असतात. कधी ती वायर सैल असते, कधी निकृष्ट असते, तर कधी पुढचे पोर्ट मुळातच जुन्या पिढीचे असतात. मागच्या बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, म्हणून तपासणीच्या काळात तेच वापरावेत. एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा हब आणि एक्स्टेन्शनची वायर बाजूला ठेवावी. यूएसबी 3 चा पोर्ट बहुधा आतल्या निळ्या प्लास्टिकवरून किंवा शेजारच्या ‘एसएस’ या खुणेवरून ओळखता येतो, पण सगळे उत्पादक हा रंग पाळतात असे नाही, आणि टाइप-सी आकाराचा पोर्ट म्हणजे वेगवान पोर्ट असेही समजू नये. आतून यूएसबी 2.0 असलेले टाइप-सी पोर्टही असतात.

येथे एक बारीक गोष्ट डोळ्यांनी पाहून घेण्यासारखी आहे. यूएसबी 3 च्या पेनड्राइव्हचे तोंड उजेडात धरून आत डोकावल्यास पुढच्या बाजूला चार लांबट सोनेरी पट्ट्या आणि त्यांच्या मागे, थोडे आत, पाच लहान टोके दिसतात. पुढच्या चार जुन्या यूएसबी 2.0 च्या आहेत आणि मागची पाच नव्या वेगासाठी आहेत. पेनड्राइव्ह अगदी सावकाश आत सरकवला, तर आधी पुढच्या चार पट्ट्या टेकतात आणि संगणक कधीकधी त्या क्षणीच त्याला यूएसबी 2.0 चे साधन म्हणून नोंदवून मोकळा होतो. मग पाचही टोके नीट जुळली तरी वेग जुनाच राहतो. त्यामुळे पेनड्राइव्ह एकदा काढून, सरळ धरून, एका दमात शेवटपर्यंत बसवावा. टोकांवर धूळ किंवा काळपट थर असेल तर पेनड्राइव्ह बाहेर असताना कोरड्या मऊ कापडाने पुसावा. उन्हाळ्यात लू वाहू लागली की आमच्याकडे बंद खोलीतही टेबलावर धुळीचा थर बसतो, आणि टोपण हरवलेला पेनड्राइव्ह त्यातून सुटत नाही. साधन वेगवान आहे पण पोर्ट जुना आहे, असे विंडोजच्या लक्षात आल्यास ‘हे साधन अधिक वेगाने चालू शकते’ अशा अर्थाची सूचना कोपऱ्यात येते. ती न वाचता बंद करू नये.

पोर्ट ठीक असूनही वेग 30 च्या खालीच राहत असेल, तर बहुतेक वेळा कारण पेनड्राइव्हच्या आतच असते. माझ्या बाबतीतही तसेच होते, आणि पेनड्राइव्हवर लिहिलेल्या ‘3.0’ या आकड्यामुळे मी ते मानायला तयार नव्हतो. तो आकडा पेनड्राइव्ह आणि संगणक यांच्यातील रस्ता किती रुंद आहे एवढेच सांगतो. रस्त्याच्या शेवटी माल उतरवून घेणारे हात किती आहेत हे सांगत नाही. पेनड्राइव्हमधील नँड फ्लॅश चिपमध्ये माहिती पानापानाने लिहिली जाते, पण पुसताना मात्र कित्येक पाने मिळून झालेला मोठा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे अर्धवट भरलेल्या ब्लॉकमध्ये बदल करायचा झाला, की चिपचे काम सांभाळणारा आतला कंट्रोलर जुनी उपयोगी पाने दुसरीकडे हलवतो, नवी माहिती तेथे लिहितो आणि जुना ब्लॉक पुसून ठेवतो. वाचताना यांतले काहीच करावे लागत नाही. म्हणून वाचण्याचा वेग शंभराच्या पुढे आणि लिहिण्याचा दहाच्या आत, ही परिस्थिती स्वस्त पेनड्राइव्हमध्ये सर्रास आढळते. वेष्टनावर छापलेला ‘इतक्यापर्यंत’ हा वेग बहुधा वाचण्याचाच असतो. विकत घेताना लिहिण्याचा वेग स्वतंत्रपणे दिला आहे का ते पाहावे, आणि दिलेला नसेल तर तो सांगण्याजोगा नाही असे धरून चालावे.

यातच आणखी एक भर पडते. अलीकडच्या बऱ्याच चिपमध्ये एकाच पेशीत तीन किंवा चार बिट साठवतात. असे लिहिणे सावकाश चालते, म्हणून काही पेनड्राइव्ह थोड्या जागेत आधी एका पेशीत एकच बिट या वेगवान पद्धतीने लिहून घेतात आणि नंतर ते दाटीने मांडतात. ही वेगवान जागा भरली, की वेग एकदम खाली येतो. सुरुवातीला छान चाललेली कॉपी काही जीबीनंतर कोसळते आणि मग त्याच खालच्या पातळीवर स्थिर राहते, ती बहुधा यामुळे. पेनड्राइव्ह तुडुंब भरलेला असला तर कंट्रोलरला हलवाहलवीसाठी मोकळे ब्लॉक मिळत नाहीत आणि वेग आणखी घसरतो. निदान दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. पेनड्राइव्ह हाताला चटका लागेल इतका तापला असेल, तर कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. तेव्हा मोठी कॉपी सकाळी लावावी, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि पंख्याचा वारा त्याच्यावर येऊ द्यावा. एवढ्याने फरक पडतो, हे मी त्याच फाइलने मोजून पाहिले आहे.

दुसरे मोठे कारण फायलींच्या संख्येत असते, आणि ते पटकन ध्यानात येत नाही. कॅसेटी उतरवण्यासाठी मी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम वापरला होता, तोही जुन्या संगणकावरचा जुना. 2021 मध्ये त्याची 3.0 ही आवृत्ती आली आणि तेव्हापासून एक प्रकल्प एकाच फाइलमध्ये राहू लागला. त्याआधी मात्र प्रत्येक प्रकल्पासोबत एक फोल्डर तयार होत असे आणि त्यात ध्वनीचे सुमारे एकेक एमबीचे तुकडे स्वतंत्र फाइल म्हणून साठत. तासाभराच्या एका कॅसेटमागे अशा अडीच हजारांहून अधिक फायली होतात. प्रत्येक कॅसेटच्या तयार ध्वनीच्या डब्ल्यूएव्ही फायली 8 एमबीने जात होत्या, तर हे प्रकल्पांचे फोल्डर 2 एमबीच्याही खाली गेले. याचे कारण असे, की प्रत्येक फाइलसाठी नुसता मजकूर लिहून भागत नाही. तिचे नाव, तारीख, आकार आणि ती कोणकोणत्या जागी आहे याची नोंदही पेनड्राइव्हच्या सूचीत करावी लागते. म्हणजे सूचीची तीच पाने पुन्हा पुन्हा बदलतात आणि वर सांगितलेली हलवाहलव दर फाइलमागे होते. किराणा दुकानात एकाच गिऱ्हाइकाला पोतेभर तांदूळ देणे आणि तेच पोते शंभर गिऱ्हाइकांना किलोकिलोने, प्रत्येकाचे वेगळे बिल करून देणे यांत जितका वेळेचा फरक आहे, तितकाच येथेही आहे.

यावर उपाय सोपा आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत गुणकारी आहे. फोल्डर आहे तसा कॉपी न करता आधी संगणकाच्या डिस्कवरच त्याची एक झिप फाइल करावी आणि ती एकच फाइल पेनड्राइव्हवर पाठवावी. ध्वनी, छायाचित्रे आणि चित्रफिती झिपमध्ये फारशा आकसत नाहीत, त्यामुळे सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘न दाबता नुसते साठवा’ असा पर्याय निवडल्यास वेळ वाचतो. पण पुण्याला जाणारी प्रत ऐकण्यासाठी असेल, तर प्रकल्पांचे फोल्डर पाठवण्याची गरजच नसते. डब्ल्यूएव्ही फायली फ्लॅक या प्रकारात बदलल्यास आवाजाचा एक कणही न गमावता आकार बराच, कित्येकदा निम्म्याच्या जवळपास, घटतो. कमी लिहिणे हा वेग वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

फॉरमॅटचा, म्हणजे पेनड्राइव्हवर फायली मांडण्याच्या पद्धतीचा, प्रश्न त्यामानाने लहान आहे. फॅट-32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही; समारंभाचे लांब चित्रीकरण कॉपी होताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो तो याचमुळे. आज साधारण वापरासाठी एक्स-फॅट निवडावा, कारण विंडोज आणि मॅक दोन्हींवर तो वाचता येतो आणि लिहिताही येतो, तर एनटीएफएसवर मॅक स्वतःहून फक्त वाचू शकतो. ज्या पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे पुसापुशी आणि भर झाली आहे, त्यातील सगळे आधी दुसरीकडे सुरक्षित ठेवून एकदा फॉरमॅट करून पाहावा. फॉरमॅट करताना विचारला जाणारा अलोकेशन युनिटचा (जागेच्या सर्वांत लहान वाट्याचा) आकार संगणक सुचवेल तोच ठेवावा. ज्याची दुसरी प्रत नाही असे काही पेनड्राइव्हवर असेल, तर वेगासाठी फॉरमॅट करण्याचा विचारही करू नये.

विंडोजमध्ये पेनड्राइव्हसाठी दोन धोरणे असतात. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्क ड्राइव्ह्‌ज या यादीतील आपल्या पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉलिसीज हे पान पाहावे. तेथे ‘क्विक रिमूव्हल’ आणि ‘बेटर परफॉर्मन्स’ असे दोन पर्याय दिसतात. विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून पहिला पर्याय आपोआप निवडलेला असतो, ज्यात माहिती रॅममध्ये साठवून न ठेवता शक्य तितक्या लवकर पेनड्राइव्हवर लिहिली जाते. दुसऱ्या पर्यायाने, विशेषतः लहान फायली पुष्कळ असताना, वेग वाढतो. मात्र तो निवडल्यास प्रत्येक वेळी सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊनच पेनड्राइव्ह काढावा लागतो. ही शिस्त घरातील सगळे पाळतील याची खात्री नसेल, तर पहिलाच पर्याय राहू द्यावा. वीज अचानक जाते अशा भागात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवरही मी दुसरा पर्याय सुचवणार नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांना याचा उलटा अनुभव येतो. कॉपीची पट्टी क्षणात शंभर टक्क्यांवर जाते, पण पेनड्राइव्ह काढण्याची आज्ञा दिली की कित्येक मिनिटे काहीच होत नाही. तेथे काहीही बिघडलेले नसते. सगळी माहिती रॅममध्ये गेलेली असते आणि खरे लिहिणे आता सुरू असते. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी आणि ती पूर्ण होऊन पुढची ओळ येईपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नये.

अँटीव्हायरस कॉपी होणारी प्रत्येक फाइल उघडून तपासतो, त्यामुळे हजारो फायली असल्यास त्याचा भार जाणवतो. तो बंद करण्याऐवजी, स्वतः तयार केलेल्या ध्वनिमुद्रणांचे फोल्डर तेवढे तपासणीतून वगळावे. सायबर कॅफेतून किंवा छपाईच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हला ही सवलत कधीही देऊ नये. एकाच वेळी दोन कॉपी लावू नयेत. आणि ज्या डिस्कवरून फायली वाचल्या जात आहेत, तिच्याकडेही एकदा पाहावे: टास्क मॅनेजरमध्ये मूळ डिस्कचा आकडा सतत 100 टक्के दिसत असेल, किंवा जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर दोष पेनड्राइव्हचा नसून त्या डिस्कचा आहे, आणि तेव्हा वेगाची चिंता सोडून तिच्यातील सगळे आधी दुसरीकडे हलवावे.

बाजारात अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या एक-दोन टीबीच्या पेनड्राइव्हबद्दल स्पष्टच सांगतो: त्यांतील पुष्कळ बनावट असतात. आत लहानशी चिप असते आणि संगणकाला खोटी क्षमता सांगण्याची सोय केलेली असते. खरी जागा संपल्यावरही कॉपी चालूच राहते, फायलींची नावे दिसतात, पण त्या उघडत नाहीत. असा पेनड्राइव्ह बहुधा हळूही असतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा विंडोजवरील आणि एफ-थ्री हा लिनक्स व मॅकवरील मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्ह शेवटपर्यंत भरून, पुन्हा वाचून, त्याची खरी क्षमता आणि त्याबरोबरच लिहिण्याचा व वाचण्याचा खरा वेग सांगतो. नवा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच ही चाचणी करून घ्यावी. पूर्वी चांगला चालणारा पेनड्राइव्ह अलीकडे मध्येच थांबत असेल, वेग शून्यावर जाऊन परत येत असेल, किंवा त्याच्यावर फक्त वाचता येते असा संदेश येत असेल, तर त्याच्या पेशी झिजल्या आहेत असे समजावे. त्याच्यावर दुरुस्तीचे प्रयोग न करता त्यातील माहिती काढून घ्यावी आणि तो निवृत्त करावा.

माझ्या पेनड्राइव्हची चाचणी केली तेव्हा वाचण्याचा वेग 120 आणि लिहिण्याचा 9 निघाला, आणि सगळा उलगडा झाला. लिहिण्याचा वेग स्पष्ट दिलेला दुसरा पेनड्राइव्ह घेतला आणि तो मागच्या पोर्टमध्ये एका दमात बसवला. प्रकल्पांचे फोल्डर वगळून फक्त डब्ल्यूएव्ही फायली पाठवल्या. त्या 18 मिनिटांत गेल्या. तरी पेनड्राइव्ह लगेच पाकिटात घातला नाही. सुरक्षितपणे काढून पुन्हा लावला, म्हणजे फायली रॅममधून न येता खरोखर पेनड्राइव्हवरून वाचल्या जातात. दोन्ही ठिकाणच्या फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवले, सेव्हन-झिपमधून दोन्ही फोल्डरांचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, काढून ताडून पाहिले, आणि शेवटी अधूनमधून पाच-सहा फायली उघडून त्यांचा शेवटचा मिनिट ऐकला, कारण अपुरी राहिलेली फाइल शेवटीच तुटते. एका कॅसेटच्या टोकाला भैरवी संपल्यावर काका कोणाला तरी ‘चहा टाका आता’ म्हणतात; ते वाक्य पूर्ण ऐकू आले, तेव्हा पेनड्राइव्ह पाकिटात घालून वर आत्येभावाचे नाव लिहिले.